पाटा-वरवंटा सोडून जात्याच्या मागे लागलेली माझदा

परवा भाचा आला तो मोबाईल नाकासमोर धरूनच. व्हिडिओत जपानमधल्या कुठल्याशा गॅरेजात एक लाल, बसकी, जुनी स्पोर्ट्‌स कार उभी होती आणि तिचा आवाज काही आपल्या ओळखीचा नव्हता. नेहमीचा घरघराट नाही, मधमाशांचं पोळं उठल्यासारखं काहीतरी. "मामा, ह्या इंजिनात पिस्टनच नाहीये म्हणे. मग गाडी चालते कशी?"

प्रश्न रास्त होता. गाडी होती माझदाची आरएक्स-७. गेली दोन-तीन वर्षं हे बिनपिस्टनचं इंजिन पुन्हा बातम्यांत आहे. २०१२ साली बंद पडलेलं हे प्रकरण माझदाने २०२३ मध्ये परत कारखान्यात आणलं, त्याच वर्षी टोकियोच्या प्रदर्शनात 'आयकॉनिक एसपी' नावाची एक देखणी नमुना-गाडी मांडली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ह्या इंजिनासाठी इंजिनिअरांची वेगळी तुकडी पुन्हा उभी केली. सगळं जग विजेच्या गाड्यांकडे निघालेलं असताना हिरोशिमातली ही कंपनी साठ वर्षांपूर्वीचं इंजिन कशाला उकरून काढतेय, असं कुणालाही वाटेल. ते समजायचं तर इंजिन आणि कंपनी, दोघांची गोष्ट एकत्रच सांगावी लागते.

माझदा? ती मिनीबसवाली?

पन्नाशीच्या आसपासच्या मराठी माणसाला माझदा म्हटलं की 'स्वराज माझदा' आठवते. शाळेची सहल, लग्नाचं वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, सगळं त्या मिनीबसमधून नाहीतर छोट्या ट्रकमधून जायचं. माझ्या मावसभावाचं वऱ्हाड तसंच गेलं होतं, मागच्या सीटवर बँडवाल्यांचा ढोल आणि त्यावर आम्ही पोरं. तो पंजाबातल्या कंपनीशी १९८०च्या दशकात जपानी माझदाने केलेला भागीदारीचा व्यवहार होता. पुढे माझदा त्यातून बाहेर पडली आणि २०११ मध्ये कंपनीच्या नावातूनही माझदा गेलं, एसएमएल इसुझू झालं. कार मात्र माझदाने भारतात कधी विकलीच नाही. त्यामुळे ट्रक ओळखीचा आणि कंपनी अनोळखी, अशी आपली गत.

नावाची गंमत तर त्याहून जवळची. कंपनीचे कर्तेधर्ते जुजिरो मात्सुदा. 'मात्सुदा' आणि 'माझदा' ह्यांचा उच्चार जपानी कानाला जवळजवळ सारखाच, जपानीत कंपनीचं नाव आजही 'मात्सुदा' असंच लिहितात. पण बाहेरच्या जगासाठी स्पेलिंग करताना कंपनीने धागा जोडला तो अहुर मझदाशी, म्हणजे पारशी लोकांच्या परमेश्वराशी. मुंबईतल्या अग्यारीत ज्याची प्रार्थना होते, तोच. शहाणपणाचा आणि प्रकाशाचा देव. अमेरिकेत त्याआधीच १९०९ पासून विजेचे दिवे ह्याच नावाने विकले जात होते. दिव्याला ते नाव शोभतंच. तीनचाकी टेम्पोला कितपत शोभतं, हा प्रश्न १९३१ साली कुणी विचारला नसावा.

हो, सुरुवात तीनचाकी टेम्पोपासूनच झाली. खरं तर त्याही आधी बुचांपासून. १९२० साली हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाची कंपनी निघाली, बाटलीच्या बुचासाठी लागणाऱ्या कॉर्कचा माल बनवणारी. पुढच्याच वर्षी ती मात्सुदांच्या हातात आली. मच्छीमाराच्या घरात जन्मलेला, लोहाराकडे उमेदवारी केलेला हा माणूस. १९२५ मध्ये कारखान्याला आग लागली. कॉर्कच्या धंद्यात तसाही राम उरला नव्हता, म्हणून मात्सुदा यंत्रं बनवण्याकडे वळले आणि १९२७ मध्ये नावातलं 'कॉर्क' गळून पडलं. १९३१ मध्ये आली 'माझदा-गो': पुढून मोटरसायकल, मागून हौदा. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची चुलत आजीच म्हणा.

६ ऑगस्ट

जुजिरो मात्सुदांचा वाढदिवस ६ ऑगस्टचा. १९४५ साली त्यांनी सत्तरी पूर्ण केली तो दिवस. सकाळी लवकर ते शहरात केस कापायला गेले, आटोपून निघाले आणि सव्वाआठला अणुबॉम्ब पडला. ते वाचले. कारखाना शहराच्या पूर्वेला, स्फोटाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी आडवी आली, म्हणून तोही बराचसा उभा राहिला. पण त्या दिवशी शहरात कामावर असलेले कंपनीचे शंभराहून अधिक कर्मचारी गेले.

नंतरचे काही महिने हा कारखाना म्हणजे शहराचा आसराच होता. प्रांताचं सरकारी कार्यालय इथून चाललं, जखमींवर इथे उपचार झाले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. राख झालेल्या गावात विटा, लाकूड, तांदूळ वाहायला गाडी हवीच होती. माझदाबद्दल हिरोशिमाच्या लोकांना जे वाटतं, ते नुसतं ब्रँडचं प्रेम नाही, हे इथे कळतं.

आता मूळ प्रश्न: पिस्टनशिवाय इंजिन म्हणजे काय?

आधी साधं इंजिन. एक नळकांडं, त्याला सिलिंडर म्हणायचं. त्यात खालीवर सरकणारा धातूचा दट्ट्या, तो पिस्टन. पेट्रोलची वाफ आणि हवा आत घ्यायची, दाबायची, ठिणगीने पेटवायची, धूर बाहेर टाकायचा. पेटल्यावर दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्या ढकलण्यातून चाक फिरतं. जगातल्या जवळपास सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ह्याच तत्त्वावर चालतात.

हा झाला पाटा-वरवंटा. वरवंटा पुढे न्यायचा, थांबायचं, मागे ओढायचा, पुन्हा थांबायचं. चटणी होते, पण प्रत्येक टोकाला हात थांबतो आणि दिशा बदलतो. गाडीचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर पिस्टन एका सेकंदात दोनशे वेळा थांबून उलटा वळतो. ह्या थांबण्या-वळण्यात ताकद जाते आणि हादरे बसतात. वर झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, त्यांना उघडझाप करवणारे दांडे हा पसारा वेगळाच.

आता जातं आठवा. खुंटा धरला की गोल गोल. मध्ये थांबणं नाही, उलटं वळणं नाही. पेट्रोलचा स्फोट थेट गोल फिरवण्यासाठी वापरता आला तर? जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल ह्यांना ह्याच कल्पनेने झपाटलं होतं. १९५७ मध्ये एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीत असं पहिलं इंजिन चाललं. ह्याला रोटरी इंजिन म्हणतात.

आतली रचना अशी. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग लांबीच्या दिशेने कापली तर जो आकार दिसेल, कमरेत किंचित बारीक, तशी एक पोकळी. तिच्यात फिरणारा तिकोनी ठोकळा, तो रोटर. त्याच्या बाजू सरळ नाहीत, जरा फुगीर आहेत, गच्च भरलेल्या सामोशासारख्या. (जपानी लोक त्याला भाताच्या तिकोनी मुटक्याची उपमा देतात. ज्याला जे खायला मिळतं ते.) हा रोटर जात्यासारखा एका जागी फिरत नाही, झोकांड्या खात फिरतो, पण त्याची तिन्ही टोकं सतत पोकळीच्या भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत ह्यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात आणि रोटर फिरेल तशा त्या लहान-मोठ्या होत पुढे सरकतात. खोली मोठी होताना वाफ आत ओढली जाते, लहान होताना दाबली जाते, मग ठिणगी, मग धूर बाहेर. एका वेळी तिन्ही खोल्यांत तीन वेगळी कामं चालू.

वेगळ्या शब्दांत, साधं इंजिन म्हणजे चाळीतलं एका खोलीचं बिऱ्हाड. तिथेच स्वयंपाक, तिथेच जेवण, तिथेच अंथरूण. रोटरी म्हणजे वाडा. स्वयंपाकघर एकीकडे, माजघर दुसरीकडे आणि माणसं ह्या खोलीतून त्या खोलीत फिरतायत. दोन रोटरच्या इंजिनात फिरणारे मुख्य भाग तीनच: दोन रोटर आणि एक दांडा. झडपा नाहीत. आकाराने लहान, वजनाला हलकं आणि चालताना इतकं गुळगुळीत की फेरे कधी वाढले ते चालवणाऱ्याला समजत नाही. भाच्याच्या व्हिडिओतला तो मधमाशांचा आवाज ह्यातूनच येतो.

मग सगळ्यांनी हेच का नाही वापरलं?

वापरायला निघाले होते. जनरल मोटर्स, डेमलर-बेंझ, सिट्रोएन, निसान अशा मोठमोठ्यांनी वांकेलच्या इंजिनावर पैसे आणि वर्षं घातली. अडकले ते एका पट्टीपाशी.

रोटरच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी बसवलेली असते. दोन खोल्यांमधली वाफ एकमेकींत जाऊ नये, हे तिचं काम. सायकलच्या पंपातलं वायसर आठवतंय? ते झिजलं की दांडा कितीही हापसा, टायरमध्ये हवा जात नाही. ही पट्टी म्हणजे तेच वायसर, पण तिला स्फोटाच्या धगीत, भन्नाट वेगात, वाकड्यातिकड्या भिंतीवर घासत राहायचंय. आणि आपल्या वाड्यातली एक भिंत कायम स्वयंपाकघराची असल्यामुळे ती बाजू रटरट तापलेली, समोरची तुलनेने थंड. एकच भिंत दोन ठिकाणी दोन तऱ्हेने फुगते आणि पट्टीने दोन्हीकडे चिकटून राहायचं.

माझदाने एनएसयूकडून हक्क घेऊन इंजिनं चालवून पाहिली तेव्हा पोकळीच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओळीने ओरखडे उठले, कुणीतरी नखं ओढल्यासारखे. हिरोशिमातल्या इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं: सैतानाची नखं.

हे ओरखडे का उठायचे, ते फळ्यावर लिहिलेल्या प्रत्येकाला कळेल. खडू विशिष्ट कोनात धरला की किर्रर्र करतो आणि रेघ अखंड न येता तुटक ठिपक्यांची येते. खडू घसरत नसतो, सेकंदाला शेकडो उड्या मारत असतो. पट्टीही तशीच थरथरत उड्या मारत होती. आता शाळेतले मास्तर काय करायचे? खडू मोडून अर्धा करायचे. लांबी बदलली की त्याची थरथरण्याची स्वतःची लय बदलते आणि किर्रर्र थांबतं. माझदाच्या लोकांनीही वेगळं काही केलं नाही. त्यांनी पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडली, तिची लय बदलली आणि ओरखडे थांबले. अर्थात, इथपर्यंत पोचायला किती पट्ट्या वाया गेल्या असतील त्याची कल्पना करा. प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीसाठी पुढे त्यांनी निप्पॉन कार्बन ह्या कंपनीला बरोबर घेऊन कार्बनमध्ये ॲल्युमिनियम जिरवलेली पट्टी बनवली.

ह्या कामावर १९६३ मध्ये जी तुकडी नेमली तिचे प्रमुख केनिची यामामोतो आणि माणसं होती सत्तेचाळीस. जपानमध्ये सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, कथा शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे ह्या मंडळींनाही ते नाव चिकटलं. यामामोतोंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की झोपेत असा की जागे, डोक्यात रोटरीच हवं. हेच यामामोतो पुढे, १९८४ मध्ये, कंपनीचे अध्यक्ष झाले.

एवढी खटपट एका छोट्या कंपनीने का करावी?

माझ्या मते माझदाच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. उत्तर तंत्रज्ञानात नाही, भीतीत आहे.

१९६० च्या सुमारास जपानचं व्यापार-उद्योग खातं असा विचार करत होतं की देशात कार कंपन्या फार झाल्या, परदेशी कंपन्या आल्या की ह्यांचा निभाव लागणार नाही, तेव्हा त्यांना दोन-तीन मोठ्या गटांत बांधावं. टोयोटा, निसान टिकणार हे उघड होतं. हिरोशिमातली, टेम्पो बनवणारी, पहिली छोटी कार जेमतेम १९६० मध्ये काढलेली कंपनी कुणाच्या तरी पोटात जाणार होती. जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असलं तरच आपण स्वतंत्र राहू, हे त्यांनी ओळखलं आणि तडक जर्मनी गाठली.

म्हणजे रोटरी ही हौस नव्हती. गल्लीतल्या छोट्या दुकानदाराने मॉल येणार म्हटल्यावर फक्त आपल्याकडेच मिळेल असा एक पदार्थ काढावा, तसं होतं ते. पदार्थ अवघड निघाला, ही पुढची गोष्ट.

१९६७ च्या मे महिन्यात 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीला आली, दोन रोटरची जगातली पहिली विक्रीतली कार. हाताने जुळवलेली, एकूण बाराशेसुद्धा बनल्या नाहीत. पुढच्याच वर्षी जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर सलग चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत ती उतरवली आणि चौथी आली. दरम्यान खुद्द एनएसयूची रोटरी कार, आरओ-८०, दिसायला आणि चालवायला झकास, पण इंजिनं बिघडून परत येऊ लागली आणि वॉरंटीखाली बदलून देता देता कंपनी मोडकळीला आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या घरात विलीन झाली. ज्याचा शोध त्याला पुरला नाही, ज्याने विकत घेतला त्याने टिकवला.

ॲव्हरेज किती देते?

आला आपला खरा प्रश्न. वाईट देते. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

दूध खोल पातेल्यात तापवा आणि तेवढंच परातीत पसरून तापवा. परातीतलं लवकर निवतं, कारण पसरट भांड्यातून उष्णता चहूबाजूंनी निसटते. रोटरीमध्ये जिथे पेट्रोल पेटतं ती खोली परातीसारखी, लांब आणि चपटी, वर सतत सरकणारी. बरीचशी ऊब भिंती खातात आणि ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत खोली पुढे गेलेली असते. न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर. शिवाय त्या पट्ट्या कोरड्या घासू नयेत म्हणून आत थोडं थोडं ऑइल मुद्दाम सोडावं लागतं, तेही जळतं. कमी वेगात ओढ कमी, म्हणजे पुण्याच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किंवा भरल्या गाडीने घाट चढताना ह्या इंजिनाचा जीव रमणार नाही.

१९७३ चं तेलसंकट माझदावर कोसळलं ते त्यामुळेच. त्याच सुमारास अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत रोटरी गाड्यांचे मायलेजचे आकडे पडेल निघाले. गाड्या बंदरांत आणि शोरूममध्ये पडून राहिल्या. सुमितोमो बँकेने कंपनी वाचवली, पण किंमत वसूल करून: १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याकडून अध्यक्षपद गेलं. कारखान्यातले कामगार आणि कचेरीतले लोक विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. १९७९ मध्ये फोर्डने पंचवीस टक्के हिस्सा घेतला. स्वतंत्र राहण्यासाठी घेतलेल्या इंजिनानेच स्वातंत्र्य घालवायची वेळ आणली.

शहाण्या कंपनीने इथे रोटरीला नारळ दिला असता. माझदाने काय केलं, तर इंजिनाचं मायलेज चाळीस टक्क्यांनी सुधारायचं असं उद्दिष्ट धरून कामाला लागली, ते गाठलं आणि मग रोटरीची जागाही शोधली. घरच्या रोजच्या गाडीत नको, हलक्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हवं. १९७८ ची आरएक्स-७ ही त्यातून आलेली. छोटं इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवता आलं, बॉनेट बसकं ठेवता आलं, गाडीचा तोल साधला. दोष तेच होते, पण जिथे ते कमी बोचतात तिथे इंजिन नेऊन ठेवलं.

"१.३ लिटरमधून २८० घोडे? थापा"

भाच्याच्या वयाची मुलं ह्या आकड्यावर भाळतात आणि त्यांचे काका त्यावर हसतात. दोघांनी थोडं थांबावं. शेवटच्या आरएक्स-७ चं इंजिन कागदावर १.३ लिटरचं, ताकद २८० अश्वशक्ती. पण हे लिटर मोजताना प्रत्येक रोटरची एकच खोली धरली आहे आणि खोल्या आहेत तीन. साध्या इंजिनाशी तुलना करायची तर आकडा दीड ते दोन पट धरावा, असंच शर्यतींच्या नियमांत आणि कर लावतानाही बऱ्याच ठिकाणी करतात. वर दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, होते. तेव्हा जादू नाही. त्या लहानशा डब्यातून एवढं काम निघतं ही कौतुकाची गोष्ट आहेच, फक्त १.३ हा आकडा छातीठोकपणे सांगत फिरू नये.

ल मॉँ, १९९१

फ्रान्समधली ल मॉँची शर्यत म्हणजे चोवीस तास गाडी पळवायची. ड्रायव्हर बदलतात, गाडी तीच. १९९१ पर्यंत कुठल्याही जपानी कंपनीने ती जिंकली नव्हती. त्या वर्षी माझदाच्या ७८७बी ह्या नारिंगी-हिरव्या, पंचावन्न नंबरच्या गाडीने ती जिंकली. चार रोटर, सातशेच्या आसपास अश्वशक्ती, ३६२ फेऱ्या. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्त्राँ गाशो हे तिघे ड्रायव्हर. शेवटचा टप्पा हर्बर्ट चालवत होता. गाडीतून उतरला आणि अंगातलं पाणी संपल्यामुळे कोसळला. सत्काराच्या मंचावर तो नव्हताच.

चाहते एक गोष्ट सांगायची टाळतात, ती मी सांगतो. मर्सिडीज आणि जग्वार ह्यांना त्या वर्षी जास्त वजनाच्या गाड्या उतरवाव्या लागल्या होत्या, माझदाला ८३० किलोची परवानगी मिळाली. ती माझदाच्या लोकांनी नियम करणाऱ्यांकडे खेटे घालून मिळवली होती. पण वजन कमी असलं तरी चोवीस तास टिकायचं इंजिनालाच होतं. शर्यतीनंतर ते खोललं तेव्हा आतली अवस्था उत्तम निघाली. ज्या पट्टीने जर्मन कंपनी बुडवली, ती चोवीस तास शर्यतीत टिकली. पुढच्या वर्षीच्या नियमांत रोटरीला जागाच उरली नाही, म्हणून हा पराक्रम पुन्हा करून दाखवायची संधी मिळाली नाही.

सगळं आकर्षण रोटरीचंच आहे का?

नाही. उलट माझदाची सगळ्यात लाडकी गाडी साध्या पिस्टनचीच आहे. १९८९ ची एमएक्स-५, जपानमध्ये 'रोडस्टर', अमेरिकेत 'मियाटा'. दोन सीट, उघडं छप्पर, वजन टनाच्याही आत. इंग्लंडच्या जुन्या उघड्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा बाज, फक्त ही पावसात रुसून बसत नाही. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रम हिच्याच नावावर.

ती बनवणाऱ्यांनी एक जपानी शब्दप्रयोग डोळ्यांपुढे ठेवला होता: 'जिन्बा इत्ताई', घोडा आणि स्वार एकजीव. शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. चांगला धुरकरी कासरा ओढत नाही, बैलांना त्याच्या मनातलं आधी कळतं असं वाटतं. एमएक्स-५ फार वेगवान नाही. पण गिअरचा दांडा मनगटाच्या एका हिसक्यात पडतो, स्टिअरिंग रस्त्याची बातमी हाताला सांगतं आणि साठच्या वेगातही वळण घेताना मजा येते. (हे मी परदेशात राहणाऱ्या मित्राच्या कृपेने, एकदाच, चाळीस मिनिटं अनुभवलं आहे. गाडी परत देताना त्याने किल्ली माझ्या हातातून जवळजवळ सोडवून घेतली.)

कंपनी आजही छोटीच आहे. टोयोटा वर्षाला १ कोटीच्या आसपास गाड्या विकते, माझदा १२-१३ लाख. फोर्डने आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने विकून २०१५ पर्यंत काढता पाय घेतला. आता टोयोटाकडे पाचेक टक्के हिस्सा आहे आणि अमेरिकेत दोघांचा मिळून एक कारखाना. ज्यांच्या पोटात जायची भीती होती, त्यांच्याशी शेजार जमवून माझदा राहते आहे.

विजेच्या जमान्यात ह्याचं काय काम?

आता पुन्हा बातमीकडे. २०२३ मध्ये परत आलेलं रोटरी चाक फिरवत नाही. ते वीज बनवतं.

मांडवातला जनरेटर डोळ्यांपुढे आणा. दिवे, पंखे, स्पीकर विजेवरच चालतात. लाइन गेली की कोपऱ्यात जनरेटर सुरू होतो. तो नवरदेवाला उचलून नेत नाही, फक्त वीज पुरवतो. माझदाच्या एमएक्स-३० आर-ईव्ही ह्या गाडीत हेच आहे. चाकं कायम विजेच्या मोटरवर. १७.८ किलोवॅट-तासांची बॅटरी, चार्ज भरली की युरोपीय चाचणीनुसार ८५ किलोमीटर. ऑफिसला जायला-यायला पुष्कळ. लांब निघालात आणि बॅटरी उतरली की ५० लिटरच्या टाकीतलं पेट्रोल घेऊन एकच रोटर असलेलं छोटं इंजिन वीज तयार करायला लागतं. अशा जनरेटरवाल्या विजेच्या गाडीला 'रेंज एक्स्टेंडर' म्हणतात.

ह्यात रोटरीची जुनी दुखणी बरीच झाकली जातात. कमी वेगात ओढ नाही? चाकाशी संबंधच नाही, ओढायचं काम मोटरचं. सारखा वेग कमी-जास्त केल्याने पेट्रोल वाया जातं? जनरेटरला आपल्या सोयीच्या वेगाला धरून फिरता येतं. आणि गुण तेच राहतात: आकार लहान, हादरे कमी, मोटर आणि जनरेटरच्या शेजारी बॉनेटखाली चपखल बसतं.

मग साधं पिस्टनचं छोटं इंजिन का नाही लावायचं, असं कुणी म्हणेल, आणि म्हणणाऱ्याला मी खोडून काढणार नाही. बॅटरी संपल्यावर ह्या गाडीचं मायलेज डोळ्यांत भरावं असं नाही. परात ती परातच. चीनमधल्या कंपन्या ह्याच पद्धतीच्या गाड्या साध्या इंजिनावर लाखोंनी विकतायत. नुसता हिशेब मांडला तर माझदाचा हट्ट महागातला आहे. पण १९६१ मध्ये एनएसयूकडून हक्क घेतानाही हिशेब असाच होता आणि तो हट्ट केला नसता तर हिरोशिमातली ही कंपनी आज कुणाच्या तरी नकाशावरचा एक कारखाना असती, असं मला वाटतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याला वाड्याची उपमा पटली, खडूची फारशी नाही, त्याच्या शाळेत पांढरे फळे आणि मार्कर आहेत. शेवटी त्याने विचारलं, "पण त्या पट्टीचं काय झालं?"

पट्टी अजून आहे. २०२४ मध्ये परत उभ्या केलेल्या तुकडीत तेव्हा छत्तीस इंजिनिअर होते. आणि नव्या इंजिनासाठी ती पट्टी दोन मिलिमीटरवरून अडीच मिलिमीटर जाड केली आहे.